टिळक दांपत्याची कसोटी

मोहरमचे उंच ताबूत हिंदू-मुसलमान मिळून उचलतात त्या कडेगावात, धर्मांतराने एक घर कसे दुभंगले हे सांगावयास आम्ही उभे राहावे, हा योग थोडा विचित्रच.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आप्तेष्ट तुटले, परंतु खरा घाव बसला तो लक्ष्मीबाईंवर. पती हयात असून विरह, पदरी लहानगा दत्तू, आणि सोवळ्याओवळ्याचे संस्कार हाडीमासी खिळलेले! काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी आरंभी आपले अन्नपाणी निराळेच ठेवीत. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. टिळकांनीही तोवर वाट पाहिली, हे आम्हांस त्यांच्या कवित्वाहून थोर वाटते.

पुढे टिळकांचे मिशनशीही पटेना. १९१७ साली मिशनचे काम सोडून ते साताऱ्यास आले (कडेगाव तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते) आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे लिहावयास बसल्या, त्या शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाई.