कॉनवे, जिल केर

(९ ऑक्टोबर १९३४ – १ जून २०१८). ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या अमेरिकी इतिहासकार, शिक्षणतज्ज्ञ आणि आत्मचरित्रकार. जन्म न्यू साउथ वेल्स राज्यातील हिल्स्टन येथे. पहिल्या महायुद्धात लढलेल्या वडिलांना माजी सैनिकांच्या वसाहत योजनेतून पश्चिमेकडील सपाट, कोरड्या मुलखात १८,००० एकर जमीन मिळाली होती. पुढे तिचा विस्तार सुमारे ३२,००० एकरांपर्यंत झाला. ‘कूरेन’ नावाच्या या मेंढ्यांच्या कुरणावर जिल वाढल्या. आसपास वस्ती नव्हती आणि शाळाही नव्हती. शिक्षण टपालाने येणाऱ्या धड्यांवर आणि आईच्या पुस्तकवेडावर झाले. दोघे थोरले भाऊ वसतिगृहात गेल्यावर ही लहान मुलगी घोड्यावर बसून वडिलांबरोबर कळप हाकू लागली, कुंपणे तपासू लागली.

१९४०च्या दशकातील दीर्घ दुष्काळाने हे घर मोडले. मेंढ्या मेल्या, कर्ज वाढले. जिल दहा वर्षांच्या असताना, पाण्याची नळवाहिनी दुरुस्त करायला तलावात उतरलेले वडील बुडाले. परिचारिका राहिलेल्या आईने लोकांचा सल्ला डावलून जमीन विकली नाही आणि मुलांना घेऊन १९४५ मध्ये सिडनी गाठले. पाऊस परतला, लोकरीला भाव आला, कुरण सावरले. मात्र थोरला मुलगा मोटार अपघातात गेला आणि ही कर्तबगार बाई हळूहळू दारू व गुंगीच्या औषधांच्या आहारी गेली.

सिडनी विद्यापीठातून जिल १९५८ मध्ये इतिहासात सर्वोच्च श्रेणीने पदवीधर झाल्या. ऑस्ट्रेलियाच्या परराष्ट्र खात्याने मात्र त्यांना नोकरी नाकारली. त्यांच्याबरोबरचे पुरुष निवडले गेले, आणि आपल्याला नाकारण्यामागे देखणेपणा व बुद्धीचा तडफदारपणा ही कारणे होती, हे त्यांना पुढे कळले. १९६० मध्ये त्या हार्वर्डला गेल्या. तेथे कॅनडाचे इतिहासकार जॉन कॉनवे भेटले. १९६२ मध्ये विवाह, १९६९ मध्ये पीएच.डी. टोरांटो विद्यापीठात अध्यापन केल्यावर त्या तेथील पहिल्या महिला उपाध्यक्ष झाल्या. १९७५ ते १९८५ या काळात त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ या स्त्रियांच्या महाविद्यालयाचे अध्यक्षपद सांभाळले. शंभर वर्षे पुरुषच सांभाळत आलेले हे पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नेहमीचे शिकण्याचे वय उलटलेल्या स्त्रियांसाठीचा ‘अ‍ॅडा कॉम्स्टॉक’ उपक्रम त्यांच्या कारकिर्दीत रुजला. त्यातील सरकारी मदतीवर जगणाऱ्या आयांनी शिष्यवृत्ती घेतली तर ती मदत बंद होई. म्हणून महाविद्यालयाने त्यांना शिष्यवृत्तीऐवजी घरभाडे भरून दिले. या एका तोडग्यातून त्यांची कामाची पद्धत स्पष्ट कळते.

कॉनवे यांचे टिकाऊ योगदान आत्मचरित्रात आहे. पीएच.डी.साठी त्यांनी अमेरिकेतील पदवीधर स्त्रियांच्या पहिल्या पिढीचा अभ्यास केला. जेन अ‍ॅडम्ससारख्या समाजसुधारक स्त्रियांची पत्रे वाचताना त्यांना ठाम आखणी व महत्त्वाकांक्षा दिसली. आत्मचरित्रात मात्र त्याच स्त्रिया आपले कार्य जणू आपोआप चालून आल्यासारखे सांगत होत्या. इच्छा, निर्णय, राग हे स्त्रीने स्वतःच्या नावावर मांडावेत, हा आग्रह ‘द रोड फ्रॉम कूरेन’ (१९८९) मध्ये त्यांनी स्वतःला लागू केला. दुष्काळाचे वर्णन या पुस्तकात अविस्मरणीय आहेच. पण खरी अवघड पाने आईविषयीची आहेत. प्रेम आणि तिच्यापासून सुटण्याची गरज, दोन्ही त्यांनी न लपवता लिहिले आहे. जिल अमेरिकेला निघतात तेथे हे पुस्तक संपते. ‘ट्रू नॉर्थ’ (१९९४) व ‘अ वुमन्स एज्युकेशन’ (२००१) हे पुढील दोन खंड वाचनीय आहेत, पण पहिल्याची धग त्यांत नाही. ‘व्हेन मेमरी स्पीक्स’ (१९९८) हा आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारावरील त्यांचा चिंतनग्रंथ. ‘रिटन बाय हरसेल्फ’ (१९९२) हे स्त्रियांच्या आत्मकथनांचे संकलन.

१९८५ नंतर त्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अभ्यागत प्राध्यापक होत्या. नायकी, मेरिल लिंच, कोलगेट-पामोलिव्ह यांसारख्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवरही त्यांनी काम केले. २०१३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय मानव्यविद्या पदक आणि ऑस्ट्रेलियाचा ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा सन्मान त्यांना मिळाला. ‘द रोड फ्रॉम कूरेन’वर २००२ मध्ये दूरचित्रपट निघाला, त्यात आईची भूमिका ज्युलिएट स्टीव्हन्सन यांनी केली. कॉनवे यांचे निधन बॉस्टन येथे झाले.