उंच हॉलसाठी झुंबर घ्यायचे आहे? आधी छताकडे बघा!

पुण्याच्या वानवडीत ज्यांची छत्री आहे, त्या महादजी शिंदे यांच्याच घराण्याचा जयविलास राजवाडा ग्वाल्हेरला आहे. 1874 साली उभ्या राहिलेल्या या राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये दोन प्रचंड झुंबरे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेतीन टन! ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची ताकद तपासली, असे सांगतात. गोष्टीला तिखटमीठ लागले असेलही, पण तिच्यातला क्रम अगदी बरोबर आहे: आधी छत, मग झुंबर.

आज पुण्यातल्या डुप्लेक्स, रो-हाउस आणि बंगल्यांमध्ये 18-20 फूट उंचीचे ‘डबल हाइट’ हॉल दिसतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत असो वा ऑनलाइन, झुंबर घेताना नजर जाते ती डिझाइन आणि किमतीवर. मग दुकानात भव्य वाटलेले झुंबर घरी इवलेसे दिसते, किंवा ते पेलेल असा हूकच छताला नसतो.

आकार किती असावा?

एक सोपा ठोकताळा आहे. हॉलची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करायची. जो आकडा येईल, साधारण तितके इंच झुंबराचा व्यास. हॉल 20 बाय 16 फूट असेल तर व्यास 36 इंच, म्हणजे तीन फूट.

झुंबराच्या स्वतःच्या उंचीसाठी छताच्या दर फुटामागे अडीच ते तीन इंच धरतात. 18 फुटी छताला 45 ते 54 इंच उंचीचे झुंबर शोभते. म्हणून अशा हॉलला पसरट झुंबरापेक्षा दोन-तीन थरांचे, खाली उतरत जाणारे झुंबर बरे दिसते.

अंदाज येत नसेल तर तेवढ्या व्यासाचा पुठ्ठ्याचा गोल कापून वरच्या मजल्यावरून दोरीने सोडून पाहावा.

किती खाली सोडावे?

खालून ये-जा असेल तर झुंबराचे टोक जमिनीपासून किमान सात फूट वर हवे. डबल हाइट हॉलमध्ये ते वरच्या मजल्याच्या फरशीच्या पातळीच्या आसपास ठेवले, तर खालून आणि वरून दोन्हीकडून नीट दिसते. वरच्या गॅलरीतून उघडे बल्ब डोळ्यांवर येतात, तेव्हा तिथे दुधी काचेचे शेड असलेले झुंबर घ्यावे.

वजन कोण पेलणार?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. छतातला नेहमीचा हूक पंख्यासाठी असतो आणि साधा पंखा चार-पाच किलोंचा असतो. काचेचे मोठे झुंबर सहज 25-30 किलो किंवा त्याहून जास्त भरते. पीओपीचे फॉल्स सीलिंग तर असे वजन घेतच नाही. झुंबराचा आधार त्याच्यावरच्या स्लॅबमध्येच असावा लागतो. साखळी आणि रॉडचे वजनही हिशेबात धरावे.

त्यामुळे दुकानदाराकडून एकूण वजन लिहून घ्यावे आणि अँकर कुठे, कसा बसवायचा हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. जुन्या वाड्यात तुळईला झुंबर टांगायचे असेल, तर लाकडाला वाळवी किंवा ओल लागलेली नाही ना, हे आधी तपासून घ्यावे.

अ‍ॅक्रिलिकची झुंबरे हलकी आणि स्वस्त असतात, पण काही वर्षांनी ती पिवळी पडू शकतात. काच जड असली तरी तिची चमक टिकते.

उजेड आणि पंखा

बैठकीच्या खोलीला 2700 ते 3000 केल्विनचा पिवळसर प्रकाश चांगला वाटतो. उजेड कमी-जास्त करायचा असेल तर डिमरवर चालणारेच एलईडी बल्ब घ्यावेत. एवढ्या उंचीवरून वाचण्यापुरता उजेड खाली पोहोचेलच असे नाही. भिंतीवरचे दिवे किंवा उभा लॅम्प सोबतीला हवा.

झुंबर आणि छताचा पंखा जवळजवळ नकोत. पात्यांमुळे उजेड लपलपतो आणि लोलक हलत राहतात. झुंबर मध्यभागी असेल तर पंखे बाजूला किंवा भिंतीवर घ्यावेत.

पुसणार कोण?

18 फुटांवरचा एक बल्ब बदलायला किंवा लोलकांवरची धूळ पुसायला दर वेळी परांची बांधावी लागते. त्याऐवजी बटण दाबल्यावर झुंबर खाली आणणारी मोटरची लिफ्ट मिळते. मात्र तिचे वजन, वायरिंग आणि जागा यांची सोय फॉल्स सीलिंग होण्यापूर्वीच करावी लागते. नंतर बसवायची तर सीलिंग फोडावे लागते.

थोडक्यात, खरेदीला निघताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: हॉलची लांबी-रुंदी, छताची उंची, अँकर किती वजन पेलेल आणि सफाईसाठी झुंबर खाली कसे येणार. डिझाइन त्यानंतर निवडावे.