नावं आणि आकडे : युद्धावर गेलेल्या गावांची गोष्ट

जांब समर्थला बोलायला उभं राहिलं की आधी गावाच्या नावाकडेच लक्ष जातं. १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तो पुढे समर्थ रामदास झाला, आणि जांबेला 'समर्थ' हे नाव जोडलं गेलं. साताऱ्याजवळ असंच एक जोडनावाचं गाव आहे, अपशिंगे मिलिटरी. गाव शेतकऱ्यांचं. पण पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जवान कामी आले, आणि आज ते 'मिलिटरी' म्हणूनच ओळखलं जातं.

ही माणसं का गेली? शौर्याची परंपरा होती, हे खरंच. पण तेव्हा शिपायाला महिन्याला ११ रुपये पगार होता, हेही लक्षात घ्या. कोरडवाहू शेतकऱ्याला पावसाचा भरवसा नाही. पगार मात्र रोख मिळतो.

आता जरा उत्तर फ्रान्समध्ये जाऊ. तिथेही नव्ह शापेल नावाचं शेतीवर जगणारं छोटं गाव आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला शीख पलटणीबरोबर आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या दोन कंपन्या तिथे जर्मनांवर तुटून पडल्या. मार्च १९१५ मध्ये तिथेच मोठी लढाई झाली. १९२७ साली त्या गावात भारतीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं. फ्रान्स-बेल्जियममध्ये पडलेल्या, पण ज्यांची कबर ठाऊक नाही, अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं तिथे कोरली आहेत.

आपल्या मराठा पलटणी मात्र मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूतच्या वेढ्यात १०३वी आणि ११०वी मराठा पलटण होती. २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीनं शरण जावं लागलं. त्या आघाडीचं स्मारक बसऱ्याला आहे. तिथे काय केलं बघा. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या भारतीय शिपायांचा मात्र पलटणवार फक्त आकडा! साम्राज्य एकच, मरण एकच. फ्रान्समध्ये नाव, बसऱ्यात आकडा. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगानं या भेदभावाबद्दल माफी मागितली, ती २०२१ साली. शंभर वर्षांनी!

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यातला एक साधा प्रश्न इथे येतो. आकड्यानं माणसाची नोंद होते, पण आठवण होते का? ४६ म्हटलं की आपण मान हलवतो. त्यातल्या एकाचं नाव कळलं की विचारतो, कुणाचा मुलगा? घर कुठलं? मागे कोण राहिलं? इतिहास तिथून सुरू होतो.

म्हणून एक विनंती. दर १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिदिनाचं झेंडावंदन करतो, 'अनेकांनी बलिदान दिलं' असं म्हणतो. 'अनेक' हाही आकडाच झाला की! १९४८ पाहिलेली माणसं आता थोडी उरलीत. वही घ्या, त्यांच्याजवळ बसा आणि आठवतील ती नावं लिहून काढा. इतरांनी आपल्या माणसांचे आकडे केले, ही तक्रार रास्तच आहे. पण ती करण्याआधी आपली वही कोरी नको.