पर्यावरण चिन्हाचा मान कोणत्या मालाला?

दुकानातील एखाद्या वस्तूवर पर्यावरणस्नेही असल्याचे अधिकृत चिन्ह दिसले, की ती वस्तू कठोर कसोट्यांतून पार पडली असावी, असे ग्राहक गृहीत धरतो. मात्र वस्तूची परीक्षा हा नंतरचा टप्पा असतो. त्या प्रकारच्या वस्तूंना परीक्षेला बसू द्यायचे की नाही, आणि बसवायचे तर कोणाच्या रांगेत, याचा निर्णय त्याआधीच झालेला असतो. गूळ, साखर, बेदाणे, हळद आणि शेतीपंप अशा भिन्न प्रकृतीच्या मालासाठी ओळखल्या जाणाऱ्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या दृष्टीने हा पहिला निर्णय अधिक महत्त्वाचा ठरतो.

मडक्याचे चिन्ह

भारतात पर्यावरणस्नेही वस्तूंसाठी 'इकोमार्क' योजना १९९१ मध्ये सुरू झाली. मातीचे मडके हे तिचे बोधचिन्ह. मडके नैसर्गिक मातीपासून घडते, त्यासाठी ऊर्जा कमी लागते आणि त्यातून घातक कचरा निर्माण होत नाही, असा विचार या निवडीमागे होता. कामाची विभागणी तीन पातळ्यांवर करण्यात आली. कोणते उत्पादनवर्ग घ्यायचे हे पर्यावरण मंत्रालयातील सुकाणू समितीने ठरवावे, त्यांचे निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळातील तांत्रिक समितीने सुचवावेत आणि प्रत्यक्ष तपासणी करून परवाना भारतीय मानक ब्युरोने द्यावा, अशी ती रचना होती. साबण व डिटर्जंट, कागद, रंग, बॅटऱ्या, प्लास्टिकच्या वस्तू, कापड, खाद्यतेल, चहा आणि कॉफी असे वर्ग यादीत होते. बोधचिन्ह मडक्याचे असले, तरी मातीच्या भांड्यांचा स्वतंत्र वर्ग मात्र त्यात नव्हता.

वस्तूचा विचार कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत व्हावा, हे योजनेचे मूळ सूत्र. तरीही उत्पादकांचा प्रतिसाद क्षीण राहिला आणि सर्वसामान्य ग्राहकाला हे चिन्ह फारसे परिचित झाले नाही. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये नवे इकोमार्क नियम अधिसूचित करून योजनेची फेरमांडणी केली. पुढच्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यामुळे वर्गनिवडीचा जुना प्रश्न पुन्हा पुढे आला आहे.

निवडीच्या कसोट्या

जगातील पहिले असे चिन्ह म्हणजे १९७८ मध्ये जर्मनीत सुरू झालेले 'ब्लू एंजल'. तेथे नव्या वर्गाचा प्रस्ताव कोणीही मांडू शकतो. निर्णय मात्र उद्योग, ग्राहक संघटना, पर्यावरण संघटना, कामगार संघटना आदींचे प्रतिनिधी असलेले स्वतंत्र मंडळ घेते. या आणि अशा अन्य योजनांच्या अनुभवातून वर्गनिवडीच्या चार कसोट्या सांगता येतात. त्या प्रकारच्या वस्तूंचा पर्यावरणावर लक्षणीय भार पडत असावा. एकच काम करणाऱ्या वस्तूंमध्ये चांगल्या-वाईटाचे अंतर मोठे असावे. ते अंतर मोजता यावे. आणि ते पाहून निवड करण्याची मुभा व कारण ग्राहकापाशी असावे.

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली आणि पुढे पंपनिर्मितीचे केंद्र म्हणून नावारूपाला आली. शेतीपंप पहिल्या तीन कसोट्यांना पुरेपूर उतरतो. पंपाचा पर्यावरणावरील मुख्य भार कारखान्यात पडत नाही. पुढे वर्षानुवर्षे खर्च होणाऱ्या विजेतून तो पडतो आणि ही वीज मोजता येते. म्हणूनच ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकन योजनेत शेतीपंपांना स्थान मिळाले. अडचण येते ती चौथ्या कसोटीत. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. विजेचे बिलच येत नसेल, तर अधिक तारांच्या पंपासाठी जास्त किंमत मोजण्याचे कारण शेतकऱ्याला उरत नाही. वर्ग अचूक निवडूनही चिन्ह निष्प्रभ कसे ठरू शकते, याचे हे उदाहरण.

उसाच्या चोथ्याचा हिशेब

वर्गाची सीमा कोठे आखायची, हा त्यापुढचा पेच. लिहिण्याच्या व छपाईच्या कागदासाठी इकोमार्कच्या मूळ निकषांत, किमान ६० टक्के लगदा बांबू, लाकूड आणि बोरू यांखेरीज अन्य पदार्थांचा असावा, अशी अट होती. उसाचा चोथा, म्हणजे बगॅस, त्या अटीत सहज बसतो. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बगॅस निघतो. रेठरे बुद्रुकचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, साखराळेचा राजारामबापू अशा कारखान्यांच्या या पट्ट्यात त्याला तोटा नाही.

परंतु हा बगॅस टाकाऊ नाही. कारखान्याचे बॉयलर त्यावरच चालतात आणि सहवीजनिर्मिती करणारे कारखाने शिल्लक वीज विकतात. तो कागदासाठी दिला, तर बॉयलरला दुसरे इंधन लागते. तमिळनाडूतील बगॅसवर चालणाऱ्या सरकारी कागद कारखान्याने साखर कारखान्यांकडून बगॅस घेऊन त्या बदल्यात कोळसा पुरवण्याची पद्धत अवलंबली होती. झाड वाचले, पण कोळसा जळला. कागदाचा हिशेब लगद्यापासून मांडला, तर असा कागद उत्तीर्ण होतो. तोच हिशेब साखर कारखान्याच्या बॉयलरपासून मांडला, तर उत्तर बदलू शकते.

गुळाची रांग कोणती?

गुळाच्या बाबतीत सीमेचा प्रश्न आणखी नाजूक होतो. 'गूळ' असा स्वतंत्र वर्ग केला, तर तुलना गुऱ्हाळा-गुऱ्हाळांत होईल. चुलवाणाची रचना कशी, चिपाडाखेरीज दुसरे इंधन जाळले जाते का, रस निवळण्यासाठी रानभेंडीचा चीक वापरला की रंग उजळण्यासाठी हायड्रॉस टाकली, हे मुद्दे तेथे निर्णायक ठरतील. 'गोडीचे पदार्थ' असा व्यापक वर्ग केला, तर गूळ साखरेसमोर उभा राहील. मग गुऱ्हाळाची साधी प्रक्रिया आणि उघड्या कढईत वाया जाणारी उष्णता एका पारड्यात, तर कारखान्याची वीजनिर्मिती आणि आसवनीचे सांडपाणी दुसऱ्या पारड्यात पडेल. गूळ तोच राहील, परंतु वर्ग बदलताच चिन्हाचा मानकरी बदलेल.

बेदाण्याची कथाही तशीच आहे. तासगाव परिसरात द्राक्षे डिपिंग ऑइल व पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये वाऱ्यावर सुकवतात. इंधन जवळजवळ लागत नाही, म्हणून पहिल्या नजरेला हा पदार्थ निर्मळ वाटतो. परंतु रंग राखण्यासाठी काही मालाला गंधकाची धुरी दिली जाते आणि त्यानंतर माल कित्येक महिने शीतगृहात राहतो. हिशेब शेडपाशी थांबवायचा की शीतगृहापर्यंत न्यायचा, यावर निकाल अवलंबून आहे.

मानांकने अनेक, अर्थ वेगळे

या दोन जिल्ह्यांतील अनेक पदार्थांना मानांकने आधीच मिळाली आहेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१०, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. मात्र ते मालाचे मूळ स्थान आणि त्या स्थानाशी निगडित गुण सांगते. पाणी, खते वा प्लास्टिक किती वापरले, याविषयी ते मौन बाळगते. 'जैविक भारत' हे २०१७ मधील चिन्ह शेती व प्रक्रियेची पद्धत सांगते, वाहतूक आणि साठवणुकीचा भार सांगत नाही. युरोपीय संघाच्या १९९२ मधील पर्यावरण चिन्हाने खाद्यपदार्थ आपल्या कक्षेबाहेरच ठेवले. जैविक चिन्हाशी त्याची गल्लत होईल, ही भीती त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी होती. भारताच्या योजनेत मात्र खाद्यपदार्थांना आरंभापासून जागा होती. त्यामुळे येथे दोन्ही चिन्हांमधील भेद ग्राहकाला समजावून देण्याची जबाबदारी अधिक आहे.

निवड कोणी करावी?

वर्गनिवड हा केवळ तांत्रिक विषय नाही. नव्या नियमांत इकोमार्कसाठी वस्तू भारतीय मानकांनुसार प्रमाणित असणे अपेक्षित आहे. संघटित उद्योगाला ते अवघड नाही. हंगामी गुऱ्हाळमालकाला किंवा स्वतःच्या शेडवर बेदाणा करणाऱ्या बागायतदाराला चाचण्या, शुल्क आणि कागदपत्रे यांचा भार एकट्याने पेलणे कठीण जाते. प्रदूषण कमी करणारा लहान उत्पादक चिन्हाविना राहिला आणि सगळी कागदपत्रे असलेला मोठा उत्पादक चिन्ह घेऊन गेला, तर ग्राहक चिन्हाकडे पाहून चुकीच्या वस्तूसाठी जादा पैसे मोजेल. गटाने प्रमाणन घेण्याची पद्धत जैविक शेतीत रुळली आहे. खाद्यपदार्थांचे नवे वर्ग ठरवताना तिचा विचार करता येण्यासारखा आहे.

वर्ग वस्तूच्या कच्च्या मालावरून न ठरवता तिच्या उपयोगावरून ठरवावा, हिशेबाचा आरंभ आणि शेवट जाहीर करावा, निकषांची मुदतीने फेरतपासणी करावी आणि वर्ग ठरवणाऱ्या समितीत लहान उत्पादकांनाही स्थान द्यावे. एवढे झाले, तर मडक्याचे चिन्ह ग्राहकाला निवडीसाठी खरोखर उपयोगी पडेल.