तीन आडव्या रेघा, एक उभी

पाटी-पेन्सिल घ्या. तीन आडव्या रेघा एकीखाली एक मारा. आता वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत मधोमध एक उभी रेघ ओढा. झालं! तुम्ही चिनी लिपीत 'राजा' लिहिलात. उच्चार 'वांग'. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं सोपं अक्षर कसं, याचं मला कुतूहल वाटलं आणि मी वाचत गेले.

इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन नावाच्या पंडिताने नऊ हजारांहून अधिक चिनी अक्षरांची फोड करणारा कोश रचला. 'वांग'साठी त्याने आपल्या आधी दोनेकशे वर्षं होऊन गेलेल्या दोंग चोंगशू या विद्वानाचं म्हणणं दिलं आहे. तीन रेघा म्हणजे आकाश, पृथ्वी आणि माणूस. या तिघांना जो जोडतो तो राजा.

हे वाचलं आणि मला माझा वर्ग आठवला. 'राजा' हा शब्द 'रंजन'वरून आला, प्रजेला संतुष्ट ठेवतो तो राजा, असं मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. आधार भक्कम होता, महाभारताचा आणि कालिदासाच्या रघुवंशाचा. भाषाशास्त्रज्ञ मात्र म्हणतात, हा शब्द लॅटिनमधल्या 'रेक्स'चा भाऊबंद. रंजनाशी त्याचं नातं नाही. हे मला कळलं निवृत्तीनंतर.

'वांग'चंही तसंच झालं. १८९९ साली बीजिंगमधले पंडित वांग यीरोंग (आडनाव तेच अक्षर बरं का! आज चीनमध्ये दहा कोटींहून अधिक लोकांचं हे आडनाव आहे) यांनी औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या हाडांवर कोरलेली प्राचीन लिपी ओळखली. ही हाडं आन्यांगजवळची, शांग घराण्याच्या काळातली, तीन हजार वर्षांपूर्वीची निघाली. बैलाच्या खांद्याच्या हाडाला किंवा कासवाच्या कवचाला आच द्यायची, पडलेल्या तड्यांवरून राजाला कौल सांगायचा आणि प्रश्न तिथेच कोरून ठेवायचा, अशी ती पद्धत.

या हाडांवरच्या सर्वांत जुन्या 'वांग'मध्ये तीन समान रेघा नाहीतच. खाली रुंद पातं दिसतं. अनेक अभ्यासकांच्या मते ते धार खाली करून उभ्या धरलेल्या कुऱ्हाडीचं चित्र आहे. १९७६ साली आन्यांगला फू हाओ या शांग राणीची कबर सापडली. तिने सैन्याचं नेतृत्व केल्याच्या नोंदी हाडांवर आहेत. कबरीत काशाच्या कुऱ्हाडी होत्या. त्यातली एक सुमारे नऊ किलोची, तिच्यावर दोन वाघ आणि त्यांच्या मध्ये माणसाचं मुंडकं. आकाश-पृथ्वी जोडणारा राजा कुठे आणि हा कुठे!

मग शू शेन खोटं बोलला का? तसं नाही. ती हाडं त्याच्या काळी जमिनीखाली होती. त्याच्यापर्यंत आलेल्या अक्षरात रेघाच उरल्या होत्या.

दोंग चोंगशूची गोष्ट मात्र मला जास्त लागली. राजा चुकला की आकाश संकटं पाठवून त्याला बजावतं, अशी त्याची शिकवण. हान सम्राट वू याच्या काळात पूर्वजांच्या एका मंदिराला आग लागली, तेव्हा दोंगने तिचा अर्थ लावून एक टिपण लिहिलं. ते कोणीतरी चोरून सम्राटाकडे पोचवलं. सम्राटाने विद्वानांपुढे ठेवलं. त्यांत दोंगचाच एक शिष्य होता. हे आपल्या गुरूचं लिखाण आहे हे ठाऊक नसल्याने त्याने ते अगदी मूर्खपणाचं ठरवलं! दोंगला देहदंड फर्मावला गेला. पुढे सम्राटाने माफ केलं, पण त्यानंतर दोंगने संकटांचे अर्थ सांगायची हिंमत केली नाही.

म्हणजे कुऱ्हाड अक्षरातून गेली होती, दरबारातून नव्हे. आणि ती कुऱ्हाड समोर असताना राजाला 'तू जोडणारा हो' म्हणणं, याला मी नुसती चुकीची व्युत्पत्ती म्हणणार नाही. ती अपेक्षा होती. आपल्या 'रंजना'मागेही तीच असावी.

माझ्या वर्गात बसलेल्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर वहीत दुरुस्ती करून घ्यावी. जुनं वाक्य मात्र खोडू नये. शब्द कुठून आला ते आधी लिहावं आणि लोकांनी त्यात काय पाहिलं ते त्याखाली.