शीशमहाल: कॅसेटमधला आणि डीव्हीडीवरचा

दिग्दर्शक के. आसिफ यांच्या ‘मुघल-ए-आझम’साठी शिंपी दिल्लीहून आले, सोनार हैदराबादहून, जोडे आग्र्याहून. मुकुट मात्र घडवले कोल्हापूरच्या कारागिरांनी. जोधाबाई झालेल्या दुर्गा खोटे यांनीही १९३२ साली ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती रंगवली होती ती कोल्हापुरातच. ५ ऑगस्ट १९६० रोजी सलीम-अनारकलीची ही प्रेमकथा पडद्यावर आली, तेव्हा या जिल्ह्याचा तिच्यावर थोडा हक्क होताच.

याच जिल्ह्यातल्या कागल तालुक्यात, वेदगंगेकाठच्या मुरगूडसारख्या गावांत पुढच्या पिढीला जुने चित्रपट भेटले ते घरात नाहीतर गल्लीत. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं आणि पाठोपाठ व्हीसीआर पसरले. गणपतीत वर्गणी काढायची, एका रात्रीच्या बोलीवर टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं आणायचा आणि उजाडेपर्यंत पिक्चर बघायचे, हा गावोगावचा शिरस्ता झाला.

‘मुघल-ए-आझम’ची लांबी मात्र १९७ मिनिटं. १८० मिनिटांच्या नेहमीच्या कॅसेटमध्ये तो अखंड मावत नसे; त्याला मोठी टेप किंवा दुसरी कॅसेट लागे.

कॅसेट असो वा पुढे आलेली तबकडी, खरी परीक्षा होते ती अनारकली जिथे नाचते त्या शीशमहालात. सुमारे १५० फूट लांब, ८० फूट रुंद असा हा सेट उभारायला दोन वर्षं लागली. त्याच्या काचा बेल्जियमहून आल्या. चित्रपट मुख्यतः कृष्णधवल, पण शीशमहालातलं गाणं आणि अखेरची काही रिळं रंगीत. तास न् तास काळ्या-पांढऱ्यात रमलेल्या डोळ्यांसमोर एकाएकी रंग उसळतात आणि भर दरबारात मधुबालाची अनारकली बंड पुकारते.

कॅसेटवर हे रंग, विशेषतः लाल, कडेनं पसरत. टेप झिजली की पडद्यावर मुंग्या येत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व्हीसीडी आली. ती झिजत नसे, पण एका तबकडीत जेमतेम ८० मिनिटं मावत, म्हणून मध्येच उठून तबकडी बदलावी लागे. शिवाय तिचं चित्र अवघ्या ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. काचेच्या तुकड्यातुकड्यात अनारकली नाचू लागली की त्या चित्राचे चौकोन पडत. डीव्हीडीनं तपशील चौपट केला, तेव्हा आरशातली प्रतिबिंबं घरच्या टीव्हीवर सुटी दिसू लागली. २००७ साली मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला काढली आणि भाड्याच्या तबकडीची गरजच कमी झाली.

दरम्यान १२ नोव्हेंबर २००४ रोजी, दिवाळीत, संपूर्ण रंगीत ‘मुघल-ए-आझम’ चित्रपटगृहांत आला. १५० प्रतींपैकी ६५ महाराष्ट्रात लागल्या. संगीतकार नौशाद यांच्या मदतीनं ध्वनी नव्यानं सजवला होता. ते काम मेहनतीचं, आवाज तर मूळ प्रतीहून भरदार. पण लांबी उरली १७७ मिनिटं. वीस मिनिटं गेलीच, शिवाय पहिल्या चौकटीपासून सगळंच रंगीत झाल्यानं शीशमहालाचा धक्काही गेला. आसिफना पुढे सारा चित्रपट रंगात पुन्हा काढायचा होता, हे खरं. तरी साठ सालच्या प्रेक्षकाला जो चित्रपट मिळाला, तो हा नव्हे.

त्यामुळे आज जुन्या सीडींच्या खोक्यात किंवा मोबाइलवर हा चित्रपट शोधणाऱ्यानं आधी मिनिटं पाहावीत. १७७ दिसली तर ती रंगवलेली आवृत्ती. पहिल्यांदा पाहायची ती १९७ मिनिटांची कृष्णधवलच.