वसईचा मध: अनुपान, रान आणि ऊस

वसई-विरारच्या पट्ट्यात मधाचा माग काढू लागले की प्रथम उसाशी गाठ पडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत आजच्या नालासोपाऱ्याचे ‘सुप्पारा’ हे नाव बंदरांमध्ये येते, आणि त्याच ग्रंथात भडोच व अरियाके या प्रदेशांतून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या मालात गहू, तांदूळ, तूप व तिळाचे तेल यांच्या जोडीला ‘साक्खारी नावाच्या वेताचा मध’ नोंदवलेला आहे. हा मध म्हणजे उसापासून केलेली साखर. तिच्यासाठी वेगळा शब्द नसलेल्यांनी गोडीचे ओळखीचे नाव तिला दिले. पुढे वसई स्वतःच उसासाठी आणि केळीसाठी नावाजली, तरी गुळासाखरेच्या या मुलखात मधाचे औषधी स्थान टिकले, याचे कारण वैद्यकात सापडते.

चरकसंहितेने माक्षिक, भ्रामर, क्षौद्र व पैत्तिक असे मधाचे चार प्रकार मानले, सुश्रुताने आठ. आयुर्वेदाने मधाला ‘योगवाही’, म्हणजे ज्या द्रव्याशी मिसळेल त्याचे गुण वाढवून शरीरात पोचवणारा, म्हटले. त्यामुळे औषधाबरोबर घ्यायचा पदार्थ, अर्थात अनुपान, म्हणून त्याची योजना झाली, आणि खोकल्यावर अडुळशाचा किंवा आल्याचा रस, सुंठेची पूड अथवा सितोपलादि चूर्ण मधात कालवून चाटवण्याची रीत वैद्यांच्या हातून घराघरांत गेली. मध तापवू नये, असेही हे शास्त्र बजावते. तेव्हा सकाळी गरम पाण्यातून मध घेण्याची आजची लोकप्रिय पद्धत ज्या आयुर्वेदाच्या नावाने सांगितली जाते, त्याच्याशीच तिचे पुरते पटत नाही. जखमेवर मध-तूप लावण्याच्या जुन्या उपचाराला मात्र आधुनिक विज्ञानाने बरेच पाठबळ दिले आहे, कारण मधातील अल्प पाणी, आम्लता आणि त्यात मंदपणे तयार होणारा हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंची वाढ रोखतात. याउलट जातकर्मात नवजाताला मध-तूप चाटवणे किंवा बाळगुटी मधात देणे या प्रथा सोडून देणेच इष्ट आहे, कारण मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे असू शकतात आणि एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यांत ती रुजून पक्षाघातासारखा गंभीर आजार होतो.

चाटण घरात तयार होत असले, तरी त्यातला मध रानातून येई. वसईच्या पूर्वेस तुंगारेश्वरच्या डोंगररांगा असून वारली, कातकरी व मल्हार कोळी या समाजांची वस्ती या मुलखात जुनी आहे. कड्यांवर व उंच झाडांवर उघडे पोळे बांधणारी आग्या, ढोलीत राहणारी सातेरी, झुडपांत लहानसे पोळे करणारी फुलोरी आणि डंख नसलेली पोया अशा मधमाश्या मराठी माणूस नावानिशी ओळखतो. आग्याचे मोहोळ धूर करून उतरवणे जोखमीचे असते आणि त्याचा मध बहुधा पातळ असल्याने कोकणच्या दमट हवेत तो लवकर आंबतो, म्हणून बाटलीचे बूच घट्ट ठेवण्याची दक्षता येथे औषधाइतकीच महत्त्वाची ठरते.

1927 च्या भारतीय वन कायद्याने रानातून आणलेला मध व मेण ‘वनोपज’ ठरवल्यामुळे मोहोळ उतरवणाऱ्याचा त्यावरील हक्क सरकारी परवानगीवर अवलंबून राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांत मधाची नोंद करून त्यावर वननिवासींची मालकी मान्य केली, ही दुरुस्ती उशिराची म्हणावी लागेल. दरम्यान पेटीतल्या सातेरीचा मध महाबळेश्वरच्या बाजूने राज्यभर पोचू लागला होता, आणि त्याच तालुक्यातील मांघर 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ झाले.

आता वसई-विरारची बहुतेक घरे दुकानातील बाटलीवर विसंबतात, आणि साखर पुन्हा मधाच्या नावाने वावरू लागली आहे. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेने 2020 मध्ये तपासलेल्या 22 नमुन्यांपैकी 17 नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळल्याचे जाहीर केले. पाण्यात थेंब सोडून किंवा मधात बुडवलेली काडी पेटवून पाहण्याच्या घरगुती कसोट्यांना असा पाक ओळखता येत नाही.